पंचांनी माफ केलं

तिकीटबाईची ख्याती अशी होती, की तिला माणसाचा चेहरा लागतच नसे. तिची सगळी नोकरी सिनेमाच्या तिकीट खिडकीत गेली आणि ती खिडकी वीतभर. आत यायचा तो फक्त हात. हातावरून ती माणूस ओळखायची. दोन तिकिटं मागणाऱ्या एका हाताला तिनं म्हणे सांगितलं, "एकच घ्या, त्या यायच्या नाहीत," आणि त्या खरंच आल्या नाहीत. मुलाचं अर्धं तिकीट मागितलं की ती वर न बघता विचारायची, "मुलाला दाढी कुठल्या हजामाकडे करवता?" एकदा खिडकीतून खिसेकापूचा हात आत आला. तिनं त्याला मुद्दाम मॅनेजरशेजारची खुर्ची दिली आणि गडी मध्यंतराच्या आत चतुर्भुज झाला. यातलं खरं किती आणि पिकवलेलं किती, ते विचारू नये. थिएटर कधीच बंद पडलं, तिथं आता सोफे विकतात. पण गल्लीत ती तिकीटबाईच राहिली.

तिचे यजमान म्हणजे पंच. फुटबॉलचे. उमेदीच्या काळात गावोगावच्या सामन्यांना जायचे, आठ-आठ दिवस बाहेर असायचे. मैदानात घुसलेल्या कुत्र्याला त्यांनी लाल कार्ड दाखवलं आणि कुत्रं शेपूट घालून सरळ बाहेर गेलं, असं शपथेवर सांगणारे लोक अजून हयात आहेत. पंच निवृत्त झाले तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. कुणाची स्कूटर कुणाच्या दारात, कुणाचं सांडपाणी कुणाच्या पायरीवर, असले तंटे संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर सुटायचे. पंच चष्मा काढायचे, पुसायचे आणि निकाल द्यायचे. तो निकाल गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायचं काम त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे होतं. आक्का भावाकडेच राहत. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तीनच माणसं, आणि त्यातलं एक वर्तमानपत्र.

पाळी जाऊन कैक वर्षं झालेली असताना तिकीटबाईच्या अंगावरून लाल जायला लागलं, तिथून हे सगळं सुरू झालं. खरं तर त्याच्या आधीपासूनच तिचं शरीर कुरकुरत होतं. तीन वर्षांपूर्वी कमरेभोवती नागीण उठली. मग तोंडात पांढरा थर यायला लागला, तो जाता जाईना. अंगावरचे कपडे ढगळ झाले. दर वेळी पंच बाजारातून एक नवी टॉनिकची बाटली आणायचे आणि म्हणायचे, "वय झालं आता, दुसरं काय." स्वतः पंच मात्र टुणटुणीत. रोज रात्री जेवणानंतर हृदयाची एक पांढरी लांबट गोळी, ती तिकीटबाईनं त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि पाण्याचा पेला पुढं करायचा. नऊ वर्षांत एक रात्र चुकली नव्हती. "औषध घ्यावं तर पंचांनी," असं गल्लीतले म्हातारे आपापल्या बायकांना ऐकवत.

गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर निघाला. उपचार कुठं घ्यायचे यावर पंचांनी सात-आठ हॉस्पिटलं सुचवली, फक्त एक सोडून. त्या एकाचे पंखे कुरकुरतात म्हणाले, जिने निसरडे आहेत म्हणाले, तिथला चहा पिऊन एक माणूस दगावल्याचंही म्हणाले. पण रेडिएशनचा शेक द्यायचं यंत्र नेमकं तिथंच होतं. यंत्रापुढं शिट्टी चालत नाही.

तिथली डॉक्टर वयानं पोरगी होती आणि बोलायला सरळ. म्हणाली, "मावशी, केमो आणि रेडिएशनच्या आधी काही तपासण्या करतो. साखर, कावीळ, एचआयव्ही. सगळ्यांच्याच करतो. यातली कुठली नको असेल तर तसं सांगू शकता."

तिकीटबाईनं तोंड उघडायच्या आत पंच खुर्चीवरून उठले. "नको. ती शेवटची नको."

"का हो काका?"

"आमच्या घरात असलं काही नाही."

"कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटची करतो आम्ही. परवा नव्वदीच्या एका आजींची केली. त्यांनी फक्त विचारलं, सुई बारीक आहे ना."

"आजींचं आजींना लखलाभ."

आक्का सोबत होत्याच. त्या पदर सावरून पुढं सरकल्या. "म्हणजे तुम्ही आमच्या भावजयीवर संशय घेताय, असंच ना?"

"सगळ्यांवर घेतला की तो संशय राहत नाही, आजी. हे बघा, या औषधांनी अंगातली ताकद खाली येते. ती आधीच खाली असली आणि आम्हाला माहीत नसलं, तर कॅन्सर राहील बाजूला आणि साधा न्यूमोनिया यांना घेऊन जाईल. माहीत असलं तर त्याच्या गोळ्या सुरू करून दोन्ही सांभाळता येतं."

पंचांनी चष्मा काढला, पुसला. "मी नियमाचा माणूस आहे, डॉक्टर. पण हा नियम मला मान्य नाही. माझ्या बायकोचा हा अपमान आहे."

तिकीटबाईला क्षणभर बरं वाटलं. इतक्या वर्षांत आपल्या मानापमानासाठी हा माणूस कधी उठून उभा राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. पण न्यूमोनिया हा शब्द तिच्या कानात अडकून बसला होता आणि तिला मरायचं नव्हतं. तिनं बाही वर केली. "अहो, बसा खाली. रक्त माझं आहे. घ्या हो डॉक्टर."

सुई टोचली तेव्हा पंच पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलेले होते.

निकाल सांगताना डॉक्टरनं दार लावून घेतलं. आत दोघीच. एचआयव्हीच्या पहिल्या तपासणीत दोष दिसला म्हणून पुन्हा खात्री करून घेतली होती, शंकेला जागा नव्हती.

"कुठून आलं हे?" तिकीटबाईनं विचारलं.

"रक्त ते सांगत नाही, मावशी."

"केव्हा आलं?"

"बरंच जुनं असावं. दहा वर्षं असतील, जास्तही असतील." डॉक्टरनं रिपोर्टची घडी तिच्यापुढं सरकवली. "घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. पण काकांची तपासणी व्हायला हवी."

तिकीटबाई जन्मात एकाच माणसाला सगळं सांगत आली होती. त्या रात्रीही तिनं त्यालाच सांगितलं. पंच पंख्याकडे बघत पडले होते. "तुम्हीही करून घ्या," ती म्हणाली. "बघू," ते म्हणाले. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं नाही. दुनियेचे हात पारखणारी ती बाई, पण घरी आली की ती खिडकी बंद असायची.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली आणि आक्का पाठ ताठ करून समोर बसल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. सांगणारा घरात दुसरा होता कोण?

"मी म्हणतच होते," आक्का म्हणाल्या, "बाईमाणसानं रात्रीच्या शोला खिडकीत बसू नये. शो सुटला तरी तू तासभर घरी यायची नाहीस."

"हिशेब लागायचा नाही वन्सं, म्हणून."

"आणि तो मॅनेजर? केसांना चमेलीचं तेल लावायचा तो? हिशेबच लावत होता का?"

तिकीटबाईचे कान तापले. ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही काहीतरी बोला."

पंचांनी चष्मा काढला. काच पुसली, उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा पुसली. गल्लीतल्या स्कूटरचा निकाल देताना यायचा तोच आवाज त्यांना लागला. "झालं गेलं. या वयात काय उकरून काढायचं. माझं काही म्हणणं नाही. मी तिला माफ केलं आहे."

आक्कांनी पदर डोळ्याला लावला. "देवमाणूस आहेस रे बाबा."

आणि गंमत बघा, माफी मिळाली की माणूस गुन्हा शोधायला लागतो. तिकीटबाई रात्रभर स्वतःचं आयुष्य उलटंपालटं करत राहिली. दात काढायला गेली तेव्हाचा तो डॉक्टर, त्यानं अवजारं धुतली होती का? थिएटरात शॉर्टसर्किट होऊन धूर झाला तेव्हा मॅनेजरनं तिला हाताला धरून बाहेर काढलं होतं. नुसत्या हातानं काही होत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तो हात तिनं चार वेळा आठवून पाहिला. न केलेली चूक शोधणं फार अवघड काम. केलेली एकदा तरी सापडते.

त्या रात्रीही तिनं पंचांच्या तळहातावर गोळी ठेवली. पंच पाणी प्यायले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

सकाळपर्यंत गल्लीला माफी पोचली. लोक ओट्यावर येऊन पंचांच्या खांद्यावर हात ठेवून जायला लागले. समोरच्या बाईनं तिकीटबाईला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात, आणि वर म्हणाली, "कप राहू दे तुमच्याकडेच." एरवी हात बघून माणसाची कुंडली मांडणाऱ्या त्या बाईला आता कोणी हात दाखवत नव्हतं. सगळे हात पदराआड किंवा खिशात.

मग डॉक्टरनं तिला तळमजल्यावरच्या विभागात धाडलं. तिथून या आजाराच्या गोळ्या मिळायच्या. आधी त्या सुरू करायच्या, त्या अंगाला मानवल्या की मग कॅन्सरचे उपचार.

"मी फाटकापाशी थांबतो," पंच म्हणाले. "मला त्या मजल्याचा वास सहन होत नाही."

"तुम्ही कधी गेला होता त्या मजल्यावर?"

"वास वरपर्यंत येतो."

आक्का मात्र बरोबर आल्या, पहारा म्हणा हवं तर. खाली एक लांब बाक, एक वजनकाटा आणि आवाज बंद केलेला टीव्ही. बाकावर शेजारी एक ब्यूटी पार्लरवाली बसली होती, लाल नखांची, गप्पांची भुकेली.

"पहिल्यांदाच ना?" तिनं तिकीटबाईला विचारलं. "घाबरू नका. मी आठ वर्षं येतेय. गोळी खायची आणि विसरायचं. सुरुवातीला मी फार रडायचे. मग आमच्या शिट्टीवाल्या काकांनी शिकवलं जगायला."

"कोण शिट्टीवाले काका?"

"येतात इथं गोळ्या न्यायला. गळ्यात शिट्टी असते. रांगेत भांडण झालं की मिटवतात. चष्मा काढतात, पुसतात आणि असा निकाल देतात की कोर्टानं शिकावं. गुणी माणूस, पण नशीब फुटकं. बायको गेली हो त्यांची."

आक्कांच्या हातातली जपाची माळ मध्येच थांबली.

"फार जीव होता त्यांचा तिच्यावर," पार्लरवाली सांगत राहिली. "सिनेमाच्या तिकीट खिडकीत होती म्हणे. नुसता हात बघून माणूस ओळखायची. एका खिसेकापूला तिनं मॅनेजरशेजारीच बसवला. काका ते सांगायला लागले की आम्ही हसून हसून रडायचो, आणि मग खरंच रडायचो. ती गेली ती रात्र ते सांगतात ना, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, 'तुम्ही तुमची गोळी चुकवू नका.' इथली नर्ससुद्धा दार लावून रडली होती."

"कधी गेली?" तिकीटबाईनं विचारलं.

"ते इथं आले त्याच्या आधीच. म्हणजे नऊ वर्षं झाली असतील."

स्वतःचं मरण ऐकायला किती वेळ लागावा? तिकीटबाईला फार लागला नाही. तिला आधी ती पांढरी लांबट गोळी दिसली, मग टॉनिकच्या बाटल्या एका ओळीत उभ्या दिसल्या. आक्कांना वेळ लागला. त्या एकदा पार्लरवालीकडे, एकदा भावजयीकडे बघत होत्या.

नेमका तेव्हाच बाहेरून विभागाचा रखवालदार आला. चहा प्यायला तो फाटकाशी गेला होता आणि तिथं त्याला घबाड सापडलं होतं. पंचांचा दंड धरून तो त्यांना आणत होता. "काका, बाहेर काय उभे राहता? चला, वजनकाट्यापाशी रांग फुटलीय. तुमच्याशिवाय लोक ऐकायचे नाहीत."

"हे बघा, आलेच," पार्लरवाली खुशीत म्हणाली.

पंच दारात थबकले. आतल्या खोलीतून समुपदेशक बाई बाहेर आल्या, त्यांच्या तोंडभर हसू. "काका, आज तुमचा दिवस नाही ना? कोणाबरोबर आलात?" पंचांची नजर जिथं चिकटली होती तिथं त्यांनी पाहिलं. "या कोण?"

"ही माझी बहीण," पंच म्हणाले.

"आणि या?"

तिकीटबाईनं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. तिला वाटत होतं, आता हा माणूस बोलेल. एवढंच तिला हवं होतं. एक शब्द, तोही इथं, जिथं त्याला कोणी नावं ठेवणार नव्हतं.

"आमच्या नात्यातल्या आहेत," पंच म्हणाले.

हात जरासुद्धा हलला नाही. बोटं सैल, अंगठा जागच्या जागी. तिनं लाखो हात पाहिले होते, पण खोटं बोलताना इतका शांत हात कधी खिडकीत आला नव्हता.

"मी यांची मेलेली बायको," तिकीटबाई समुपदेशक बाईंना म्हणाली. "वरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांची करतात म्हणून माझी तपासणी केली, नाहीतर यांचं म्हणणं खरं व्हायला फार वेळ लागला नसता."

वजनकाट्यावर उभा असलेला माणूस तसाच उभा राहिला. पंच हळू आवाजात म्हणाले, "चारचौघांत तमाशा नको." समुपदेशक बाईंनी तिकीटबाईला आत नेलं आणि दार लावलं.

आत टेबलावर गोळ्यांची बाटली आली. बाई सांगू लागल्या, रोज, एका ठरलेल्या वेळी.

"जेवणानंतर, पाण्याबरोबर," तिकीटबाई म्हणाली. "मला येतं. नऊ वर्षं मीच देतेय."

बाईंनी मान खाली घातली. "आम्ही विचारलं होतं त्यांना. घरी कोण आहे, त्यांचीही तपासणी करू. ते म्हणाले, कोणीच उरलं नाही."

"एकदा बघायला यायचंत घरी. मी चहा केला असता."

वरची डॉक्टर दुपारी भेटली. तिनं गोड बोलून फसवलं नाही. नागीण उठली तेव्हाच हे कळलं असतं तर बहुधा गोष्ट इथवर आली नसती, म्हणाली. आता दोन्ही आजारांशी एकदम लढायचं. जमण्यासारखं आहे, पण सोपं नाही. "अंगातली ताकद जपून वापरा, मावशी. वायफळ खर्चू नका."

परतीच्या गाडीत पंच पुढं बसले. बराच रस्ता गेल्यावर ते काचेला म्हणाले, "तुला त्रास नको म्हणून बोललो नाही."

"कुठल्या गावची मॅच होती?" तिकीटबाईनं विचारलं.

पंचांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

घरी आल्यावर आक्का तिच्यामागून स्वयंपाकघरात आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "झालं ते वाईटच झालं. पण आता बाहेर बोलू नकोस. या वयात त्याला सोसायचं नाही."

"मी नाही बोलणार वन्सं. तुम्ही बोलायचं."

"मी?"

"सिनेमाचं आणि चमेलीच्या तेलाचं दारोदार तुम्हीच पोचवलंत ना? त्याच दारांवर जा आणि हेही सांगा. तुमच्या तोंडचं लोकांना पटतं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी बरी होईन, आणि मग मीच सांगेन. तेव्हा मी मरावं म्हणून माळ ओढायची असेल तर जरा नेटानं ओढा."

आक्का दोन दिवस माळ घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी चप्पल घालून बाहेर पडल्या आणि संध्याकाळी घसा बसलेला घेऊन परत आल्या. आल्या त्या सरळ झोपल्या. तिकीटबाईला वाटलं, बोलल्या खऱ्या.

बोलल्या होत्याच. काय बोलल्या ते तिला इस्त्रीवालीकडून कळलं. हॉस्पिटलात न्यायच्या चादरी तिनं इस्त्रीला दिल्या होत्या, त्या आणायला ती गेली. इस्त्रीवालीनं इस्त्री बाजूला उभी केली आणि डोळे पुसले.

"आम्हाला काल कळलं हो सगळं," ती म्हणाली. "त्यांनाही आहे म्हणे. तुमच्याकडून झालं आणि नऊ वर्षं त्या माणसानं चकार शब्द काढला नाही. एकटा गुपचूप गोळ्या खात राहिला, का, तर तुम्हाला वाईट वाटू नये. असला नवरा शोधून सापडायचा नाही, बाई."

तिकीटबाईनं ऐकून घेतलं. एकाच गोष्टीत आधी मेलेली, मग माफ केलेली आणि आता वर रोग दिलेली. ती गोष्ट कोणत्याही कुशीवर लोटली तरी उताणी पडायची ती पंचांच्याच अंगणात. ओट्यावर त्या वेळी कुणाच्या तरी गळक्या नळाचा निकाल चालला होता, माणसं माना डोलवत होती. तिथं जाऊन उभं राहायचं, पहिल्यापासून सांगायचं, आक्का नाही म्हणणार, पंच चष्मा पुसणार, मग पुन्हा सांगायचं. सकाळच्या गोळीनं तिला मळमळत होतं आणि सोमवारपासून शेक सुरू व्हायचा होता. अंगात ताकद होती ती एका कामापुरती. एक तर औषध पचवायचं, नाहीतर गल्लीला पटवायचं.

"चादरी झाल्या का?" तिनं विचारलं.

"एक राहिलीय."

"कर तेवढी. मी थांबते."

तिनं शेजारचं स्टूल ओढलं आणि बसली.